कोठारातले उलटे कान

१

माणूस मेला की डॉक्टरला बोलावतात, दागिना गेला की पोलिसांना. एका फाइलमधले कान उलटे झाले तर कुणाला बोलवायचं? आमच्याकडे वहिनींना बोलावतात.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. अख्खी नोकरी विमा कंपनीत गेली, काम दावे तपासण्याचं. एका कैलासवासी गृहस्थाला त्यांनी बसमध्ये खिडकीच्या जागेवरून भांडताना पकडलं आणि तिथल्या तिथे त्याला त्याचाच मृत्यूचा दाखला वाचायला दिला. लोक म्हणतात, मी तिखटमीठ लावून सांगतो. लावतो की. पण वहिनींच्या बाबतीत मला थोडं पाणी घालून सांगावं लागतं, नाहीतर कुणी विश्वास ठेवत नाही. आता वयोमानाने त्यांच्या कानात यंत्र आहे. समोरचा फार बडबड करू लागला की त्या ते बंद करतात. तोंडावर मात्र एकाग्र चित्ताने ऐकत असल्याचा भाव असतो.

तर त्या सकाळी वहिनींची भाची आली. बहिणीची मुलगी, विद्यापीठात संशोधन करणारी. चप्पलही न काढता ती टेबलाशी बसली आणि लॅपटॉप उघडला.

"मावशी, माझी पदवी काढून घेणार आहेत."

"चहा घे आधी. मग काढून घेऊ देत."

चहा घेता घेता तिने सगळं सांगितलं. एका कापड कारखान्यातल्या कामगारांचे कान तिने तपासून घेतले होते. मागावर काम करणाऱ्यांना हळूहळू ऐकू येईनासं होतं, हे तिने आकड्यांनी दाखवलं आणि त्यावर पदवी मिळवली. मग सगळे आकडे विद्यापीठाच्या खुल्या डेटा-भांडारात ठेवले. या भांडाराला सगळे कोठार म्हणतात. जगातल्या कुणीही यावं, फाइल उतरवून घ्यावी आणि पडताळून पाहावी, अशी सोय. कारखान्याच्या वकिलांनी नेमकं तेच केलं. फाइल उतरवली, पडताळली आणि विद्यापीठाला कळवलं की फाइल तर उलटंच सांगते. मागावरच्यांचे कान ठणठणीत, बहिरे कोण तर पॅकिंगमधले, जिथे पुठ्ठ्याच्या खोक्यांखेरीज काही वाजत नाही.

"म्हणजे एक तर प्रबंध खोटा, नाहीतर फाइल," भाची म्हणाली. "सोमवारी समिती बसतेय. सरासरी जवळजवळ जुळते, फक्त निकाल उलटा. मी खोटं केलेलं नाही, मावशी."

"मूळ कागद?"

"नावानिशी असलेली प्रत मी नष्ट केली. कामगारांना तसा शब्द दिला होता. आता जे आहे ते कोठारातच."

वहिनींनी चष्मा चढवला आणि फाइलमध्ये डोकं घातलं. एका ओळीत एक माणूस: कुठल्या खात्यात काम, वय किती, नोकरी किती, आणि पुढे डावा कान, उजवा कान. आकडा मोठा तितका कान मंद. मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"हा पंचविशीतला पोरगा माझ्यापेक्षा बहिरा. आणि हा निवृत्तीला टेकलेला माणूस, याला शेजारच्या घरातली कुजबुज ऐकू येते." बोट खाली सरकलं. "ही आणखी एक. हा आणखी एक. भाऊजी, वय वाढलं की कान जातात ना?"

"तुमचे गेले. माझे शाबूत आहेत."

"तुम्ही ऐकतच नाही, म्हणून टिकलेत." त्यांनी चष्मा काढला. "पोरी, कुणी घरी बसून आकडे रचले असते तर म्हातारपण विसरला नसता. खोटं रचणारा ते आधी सांभाळतो. हे आकडे खरे आहेत. प्रत्येक कान खरा आहे. फक्त तो त्या माणसाचा नाही."

२

कोठार म्हणजे तळघर, धान्याचा वास वगैरे मनात आणून मी गेलो होतो. निघाली एक पांढरीशुभ्र खोली, चार संगणक आणि खिडकीत कुंडी. कुंडीतलं झाड वरून इतकं सपाट कापलेलं की त्यावर बशी ठेवावी. कोठारप्रमुखाला सगळे टापटीप म्हणत. टेबलावरच्या पेन्सिली एका उंचीच्या होत्या. मोठ्या पेन्सिली तासून त्याने लहानग्यांच्या बरोबरीला आणल्या असाव्यात, असा माझा दाट संशय आहे.

"फाइल बदलणं अशक्य," तो म्हणाला. "फाइल कोठारात आली की यंत्र तिचा ठसा घेतं. एक आकडा, एक टिंब इकडचं तिकडे झालं तरी ठसा बदलतो. आज सकाळीच पडताळला. पहिल्या दिवसाचा ठसा जसाच्या तसा आहे."

"म्हणजे बंद खोलीतला खून," मी म्हणालो. मला राहवलं नाही.

"खून झाला तो खोली बंद व्हायच्या आधी," वहिनी म्हणाल्या. "ठसा घेण्याआधी फाइल कुणाकुणाच्या हातून गेली?"

टापटीपने रीत समजावली. खुल्या कोठारात माणसांची ओळख पटता कामा नये, म्हणून कामाचा तक्ता एकीकडून येतो आणि कानांचा तक्ता दुसरीकडून. कामाच्या तक्त्यातली नावं भाचीची सहकारी पुसून देई. कान दवाखान्यातून डॉक्टर थेट पाठवत. कुणा एकाच्या हातात दोन्ही नकोत. कोठारात ते शेजारी शेजारी ठेवून जोडायचे, ठसा घ्यायचा आणि सुटे तक्ते नष्ट करायचे.

"जोडायचे कशावरून? नावं तर पुसलेली."

"क्रमावरून. तपासणीला ज्या क्रमाने माणसं आली, त्याच क्रमाने दोन्ही तक्ते. पहिल्यासमोर पहिला, दुसऱ्यासमोर दुसरा."

"आणि दोन्ही तक्ते सारख्याच लांबीचे आले होते?"

टापटीपने टेबलावरची पट्टी सरळ केली. ती सरळच होती.

"सारखे असायलाच हवेत," तो म्हणाला.

बाहेर पडल्यावर जिन्यात वहिनी थांबल्या. "भाऊजी, मी काय विचारलं?"

"सारखे आले होते का."

"आणि त्याने काय सांगितलं?"

उत्तर त्याने दिलंच नव्हतं.

३

भाचीचे मार्गदर्शक म्हणजे मोठे सर. त्यांच्या खोलीत शिरताच माझी खात्री पटली की चोर हाच. भिंतीवर नव्या प्रयोगशाळेचं चित्र होतं आणि चित्राखाली देणगीदार म्हणून त्याच कापड कारखान्याचं नाव. रहस्यकथेत याहून सोपा गुन्हेगार मिळत नाही. मी तर मनात त्यांना बेड्याही घातल्या.

"गाजावाजा नको," मोठे सर म्हणाले. "मुलगी हुशार आहे. चूक झाली म्हणून फाइल मागे घ्यावी, वर्षभराने पुन्हा काम करावं. मी सांभाळून घेईन."

"कुणाला?" वहिनींनी विचारलं.

"अं?"

"मुलीला सांभाळून घ्याल की देणगीला?"

सर लालबुंद झाले. पण माणूस चिवट. "बाई, हा अभ्यास झाला तोच माझ्यामुळे. मालक दारात उभे करत नव्हते. म्हणे, माग बंद पडला तर नुकसान कोण भरणार? शेवटी मीच तोड काढली. एका खात्यातून एका वेळी एकच माणूस सोडायचा. आधी मागावरचा एक, मग पॅकिंगचा एक, मग कचेरीतला एक, की पुन्हा मागावरचा. कुणी गैरहजर असला तर त्याच खात्यातला दुसरा. शेवटपर्यंत हा क्रम मोडला नाही, म्हणून मालक गप्प राहिले."

"आणि फाइल? तुम्ही पाहिली होती?"

"मला ते संगणकाचं जमत नाही. माझ्या ईमेलसुद्धा शिपाई छापून आणून देतो."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "वहिनी, हाच."

"का?"

"चेहरा."

"चेहऱ्यावरून पकडायचं तर मी तुम्हाला लग्नाच्या मांडवातच पकडलं असतं. भाऊजी, या माणसाची हयात आकड्यांत गेली. याला निकाल उलटवायचा असता तर आधी त्याने वयाचं सांभाळलं असतं. हे काम आकडे उलटतील हे ठाऊक नसलेल्याचं आहे." त्या दोन पावलं गेल्या आणि थबकल्या. "माग, पॅकिंग, कचेरी. अडाण्यासारखी ऐकत होते मी. त्यांनी तर आपल्या हातात किल्लीच ठेवली."

ती किल्ली कसली, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. विचारलं तर कानातलं यंत्र बंद.

४

नावं पुसणाऱ्या सहकारी मुलीला विभागात खोडरबर म्हणत. भाचीची पहिल्या वर्षापासूनची मैत्रीण. दोघींनी एका ताटात जेवण केलेलं आणि एका पुस्तकावर दोन परीक्षा दिलेल्या. ती आम्हाला कॅन्टीनमध्ये भेटली. पंखे घरघरत होते, मागे भांडी आदळत होती, शेजारच्या टेबलावर क्रिकेटवरून जुंपलेली होती.

वहिनींनी तिला बरंच काही विचारलं. मला त्यातलं अर्धंच ऐकू आलं. नावं कशी पुसली, तक्ता कधी दिला, कुणाला दिला. मुलगी शांतपणे, वहिनींकडे पाहून उत्तरं देत होती. बोलण्याआधी टेबलावर दोन बोटं हलकेच वाजवायची, वहिनींनी वर पाहिलं की मग बोलायची. आवाज चढवत नव्हती. एकेक शब्द सुटा.

"तिची पदवी गेली तर विभागातली तिची जागा तुला मिळेल," वहिनी म्हणाल्या.

"मला नकोय ती जागा, मावशी."

"तक्ता तू दिलास तेव्हा पूर्ण होता?"

पुन्हा दोन बोटं टेबलावर. पण या वेळी तिचे डोळे भरून आले. पिशवी उचलली आणि निघून गेली.

"बोलणं चांगलं आहे मुलीचं," मी म्हणालो. "एवढ्या गोंगाटात तुम्हाला सगळं कळलं."

"सगळं कळलं," वहिनी म्हणाल्या आणि कानामागे हात नेला. यंत्राची कळ दाबली. "यंत्र मी आत शिरतानाच बंद केलं होतं. तिचं प्रत्येक वाक्य मी ओठांवरून वाचलं. भाऊजी, तुम्ही माझ्याशी इतकी वर्षं बोलताय. आधी ओरडता, मग तोंड फिरवता, मग म्हणता ऐकू येत नाही. बहिऱ्या माणसाशी असं नीट बोलायला कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. ते घरात शिकावं लागतं."

५

दुपारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मधोमध आला. भाची एका बाजूला, मी दुसऱ्या. वहिनी पहिल्या ओळीपासून फक्त खातं वाचू लागल्या. मला काम दिलं होतं टेबलावर ठेका धरायचं.

"माग, पॅकिंग, कचेरी. माग, पॅकिंग, कचेरी."

थाप, टिचकी, टिचकी. थाप, टिचकी, टिचकी. मी तरुणपणी तबला वाजवायचो, इतका की एकदा समोरच्या इमारतीतल्या लोकांनी वर्गणी काढून मला गावी पाठवलं होतं. ठेक्यात माझी चूक व्हायची नाही. असं छान चाललं होतं, आणि अचानक माझी थाप एकटीच पडली. वहिनींच्या तोंडी पॅकिंग होतं.

"तुम्ही चुकलात," मी म्हणालो.

"मी लिहिलंय तेच वाचलं. कचेरीनंतर सरळ पॅकिंग. भाऊजी, तुमचा ठेका बरोबर आहे. इथे मागावरचा एक माणूस नाही."

भाचीने तोंडावर हात ठेवला.

"आता नीट ऐक," वहिनी म्हणाल्या. "मोठे सर सांगतात, क्रम शेवटपर्यंत मोडला नाही. म्हणजे इथे एक विणकर होता. तपासायला आला, कान तपासले, आणि नंतर कुणीतरी कामाच्या तक्त्यातून त्याची ओळ काढली. कानांच्या तक्त्यातून नाही काढली, कारण तो तिच्या हातात नव्हता. पुढे काय झालं? त्याच्या रिकाम्या जागेवर पॅकिंगमधली बाई वर सरकली. विणकराचे कान तिला चिकटले. तिचे कान कचेरीतल्या कारकुनाला. कारकुनाचे पुढच्या विणकराला. तिथून शेवटपर्यंत प्रत्येकजण आपल्या आधीच्याचे कान घालून बसलाय."

"म्हणून पॅकिंगवाल्या बहिऱ्या," भाची पुटपुटली.

"आणि मागावरच्यांना कचेरीतले छान शाबूत कान. या जागेच्या वरच्या ओळी बघ. तिथे वय आणि कान कसे एकमेकांना धरून आहेत. वर सगळं तुझ्या प्रबंधासारखं, खाली सगळं उलटं."

भाचीने खालचे कान एकेक घर वर सरकवले. पडदा बदलला. म्हातारे मंद झाले, तरुण तल्लख झाले, माग पुन्हा माग झाला. ती रडायला लागली. वहिनी तिला रडू देऊन फोनकडे वळल्या. कानाच्या डॉक्टरांनी आपल्या यंत्रातली नोंद पाहिली आणि सांगितलं की कोठारात आहेत त्यापेक्षा त्यांनी एक जोडी जास्त पाठवली होती.

"म्हणजे शेवटची जोडी टापटीपने छाटली," मी म्हणालो. मला ते सपाट झाड आठवलं.

"एकाने वरून एक काढला, दुसऱ्याने लांबी जुळवायला खालून एक कापला. कुणालाच काही बिघडवायचं नव्हतं." वहिनींनी गायब विणकराच्या जागेवरचे दोन आकडे बोटाने दाबून धरले. "हा माणूस डाव्या कानाने जवळजवळ बहिरा आहे. उजवा जरा बरा. मागाची मोटर डाव्या हाताला असणार. आणि पोरी, याची मुलगी तुझ्या रोजच्या डब्यात जेवते."

६

खोडरबर दार उघडून तशीच उभी राहिली. आत येण्याची गरज पडली नाही, सगळं उंबऱ्यावरच झालं.

"बाबांना शेवटी शेवटी भीती वाटली," ती म्हणाली. "फाइल जगाला दिसणार. मागावरचा, अमुक वयाचा, इतकी वर्षं नोकरी. त्या वयाचे तिथे ते एकटेच होते. मालकांनी ओळखलं असतं. बहिरा माणूस मागावर ठेवत नाहीत. मला म्हणाले, माझं नाव काढ. मी म्हटलं, नाव काढलंच आहे. म्हणाले, मला अख्खा काढ."

"तो त्यांचा हक्क होता," भाची म्हणाली. "मला सांगायचं होतंस. आपण दोन्हीकडून काढला असता."

"सांगितलं असतं तर कोण ते तुला कळलं असतं. मी शब्द दिला होता. कान तर नुसते आकडे, ते राहिले तरी काय होणार, असं वाटलं. जोडणी क्रमावरून होते हे मला वकिलांचं पत्र आल्यावर कळलं."

"तेव्हापासून गप्प आहेस."

मुलीने मान खाली घातली. "एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला बाबा."

भाची रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती मैत्रिणीकडे बघत राहिली आणि मग जिना उतरून गेली.

वहिनी तिथेच थांबल्या. "तुझ्या वडिलांचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. कुणी कितीही विचारलं तरी. पण माझ्या भाचीचं नावही मी जाऊ देणार नाही. सोमवारी दोन्ही कसं जमवायचं, ते मला अजून सुचलेलं नाही. तुला सुचलं तर ये."

खरं सांगतो, वहिनींना काही सुचलं नाही असं मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. घरी येईपर्यंत मी एकही गोष्ट सांगितली नाही. यावरून काय ते समजा.

७

समितीच्या लांब टेबलाच्या एका टोकाला अध्यक्षीणबाई, दुसऱ्या टोकाला कारखान्याचे वकील, मध्ये मोठे सर, टापटीप, डॉक्टर आणि इतर मंडळी. एकजण बोललेलं सगळं टिपून घेत होता.

वहिनींनी सगळं मांडलं. विणकर कोण, ते सोडून. मग टापटीपकडे वळल्या.

"दोन्ही तक्ते सारख्या लांबीचे आले होते का? हो की नाही, एवढंच."

टापटीपने पट्टी शोधली. इथे पट्टी नव्हती.

"नाही," तो म्हणाला. "कान एकाने जास्त होते. मला वाटलं चुकून दोनदा आलं असेल. मी शेवटचा काढला. तक्ता परत पाठवायला हवा होता. पण वाईट दिसत होता तो. एक ओळ बाहेर लोंबत होती."

मोठ्या सरांनी कपाळाला हात लावला. भाचीच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला. पण अध्यक्षीणबाई कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या.

"एक जोडी जास्त होती, हे मान्य," त्या म्हणाल्या. "पण फट नेमकी तिथेच होती कशावरून? क्रम मोडला नाही याला फक्त सरांचा शब्द आहे, आणि सर तिचेच मार्गदर्शक. तुम्ही जिथे फट धरली की निकाल तुमच्या मनासारखा लागतो, तिथेच फट धरताय. हरवलेला माणूस कुठे आहे? माणूस नाही तर हा अंदाज आहे. अंदाजावर मी कुणाची पदवी ठेवू शकत नाही."

वकिलांनी मान डोलावली. "कोण आहे तो विणकर? नाव सांगा, प्रश्न मिटेल."

"नाव मी सांगणार नाही," वहिनी म्हणाल्या.

"मग मिटलं," वकील म्हणाले.

भाचीने समोरचे कागद गोळा करायला घेतले. तेवढ्यात दार उघडलं. खोडरबर आत आली आणि तिच्या मागून एक उंच, वाकलेला माणूस, इस्त्रीच्या शर्टात. मुलीने त्याला खुर्ची दिली. तो बसला, तिच्याकडे झुकला आणि तिच्या कानात कुजबुजला.

निदान त्याच्या हिशोबाने ती कुजबुज होती. पण जो माणूस उभा जन्म मागाच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलला, त्याची कुजबुज ती काय असणार. बाहेरच्या झाडावरची पाखरं उडाली म्हणतो मी, आणि या वेळी तिखटमीठ अजिबात नाही.

"त्या वकिलाला कळू देऊ नकोस," तो म्हणाला, "पण बाईंना सांग, तो गायब माणूस मी आहे. माझे कान तपासा म्हणावं."

टिपणं घेणाऱ्याचं पेन थांबलं. मुलगी ओशाळून हसली. तिने समोर वळून सांगितलं, की बाबांची ओळ तिनेच काढली होती, मैत्रिणीला काहीच माहीत नव्हतं, आणि इतके दिवस ती गप्प राहिली ही चूक बाबांची नाही, तिची.

डॉक्टरांनी तपासणीची पेटी बरोबर आणली होती. शेजारच्या खोलीत ते विणकराला घेऊन गेले. आम्ही बसून राहिलो. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या आणि त्यांचा हात भाचीच्या हातावर होता. डॉक्टर परत आले ते एक कागद घेऊन. त्यांनी तो फटीतल्या आकड्यांच्या आपल्या जुन्या आलेखाशेजारी ठेवला.

"डावा गेलेला, उजवा थोडा बरा," ते म्हणाले. "प्रत्येक सुरावर उतार त्याच वळणाचा. दोन माणसांचा असा जुळत नाही. फरक एवढाच की तेव्हापेक्षा दोन्ही रेघा आणखी खाली उतरल्यात."

"आणखी खाली का?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

"कारण ते अजून मागावरच आहेत."

अध्यक्षीणबाईंनी दोन्ही कागद जवळ ओढून पाहिले. मग टिपणं घेणाऱ्याला म्हणाल्या, "लिहा. संशोधन खरं आहे. पदवी कायम. फाइलची दुसरी आवृत्ती कोठारात निघेल. बिघाड कसा झाला, ते तिच्यासोबत उघड लिहिलं जाईल. दोन तक्ते असमान आले तर यापुढे छाटायचे नाहीत, परत पाठवायचे." टापटीपने मान हलवली. बाई विणकराकडे वळल्या आणि सावकाश बोलल्या. "तुमची ओळ ठेवायची की काढायची, हे तुम्ही ठरवायचं. काढली तरी या मुलीची पदवी जात नाही."

विणकराने मुलीकडे पाहिलं, मग भाचीकडे.

"ठेवा," तो म्हणाला. "माझ्यामागे मागावर उभे आहेत त्यांचे कान तरी त्यांच्याच नावावर राहू देत."

वकील उठले. कागद बॅगेत भरता भरता ते विणकराच्या खुर्चीपाशी आले आणि खाली वाकले. चेहऱ्यावर हसू, आवाज मऊ. काय म्हणाले ते माझ्या शाबूत कानांनी नीट ऐकलं. उद्या कामावर यायच्या आधी विचार कर, असं काहीसं.

"काय?" विणकर म्हणाला.

वकिलांनी पुन्हा तेच सांगितलं, किंचित मोठ्याने.

"ऐकू नाही आलं. माझा तो कान गेलाय."

आता सगळं टेबल तिकडे बघत होतं. टिपणं घेणाऱ्याने नवीन पान उघडलं.

"मोठ्याने बोला," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "त्यांना ऐकू येत नाही, हे आत्ताच सिद्ध झालंय. तुम्ही बोलाल ते आम्ही शब्दशः लिहून घेतो आणि फाइलसोबत कोठारात ठेवतो. सगळ्यांना वाचता येईल."

वकिलांनी टेबलाभोवती एक नजर फिरवली. वहिनींनी यंत्राचा आवाज पूर्ण वाढवला होता आणि त्या मनापासून वाट बघत होत्या.

"काही नाही," वकील म्हणाले.

"काय?" विणकराने विचारलं.